अडतीस किलोमीटर: एका जुन्या हायब्रिडचं प्रकरण

३८ हा आकडा मी २१ जानेवारी २०२४ला, रविवारी, पुण्यात हडपसरच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या एका आवारात उभं राहून पाहिला. मोबाइलच्या स्क्रीनवर इतर पन्नास आकड्यांच्या गर्दीत तो होता. पाहिला, विचारलं, उत्तर पटलं, पुढं सरकलो. नंतर जो खर्च झाला त्यातला बराचसा त्या ‘पटलं’चा आहे, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

माझं सोलापुरात होटगी रोडला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. डायनामो आणि सेल्फ भरण्यापासून सुरुवात केली, मग एसी आलं, मग स्कॅनिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणं. हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांचं, काम मी शोधत गेलो नाही, ते अंगावर आलं. सोलापुरात अशा गाड्या बोटावर मोजण्याएवढ्या. ज्याच्याकडं असते तो फिरत फिरत दोन-तीन दुकानांपैकी एकात येतोच.

या प्रकरणातलं गिऱ्हाईक सुताचा व्यापारी आहे. माझ्यापेक्षा वयानं मोठे, वीस वर्षांची ओळख. मी त्यांना मालक म्हणतो. सोलापुरात कोणीही कोणालाही मालक म्हणतो, पण हे खरोखरचे मालक आहेत. आठवड्याला एक हैदराबाद, पंधरा दिवसांनी एक इचलकरंजी. आधीची डिझेल गाडी कमरेत भरायला लागली होती. त्यांना मऊ चालणारी मोठी गाडी हवी होती, पण पेट्रोल ढोसणारी नको होती. त्यांच्या पोरानं नेटवर शोधून काढली: २०१५ची टोयोटा कॅमरी हायब्रिड, एमएच १२ पासिंग, पहिला मालक, १,८६,००० किलोमीटर, साडेआठ लाख.

“एवढी पळालेली गाडी घ्यावी का ओ?” मालकांचा पहिला प्रश्न.

मी म्हणालो, पळालेली आहे म्हणूनच बघू. हे माझं मत आजही तेच आहे. नऊ वर्षांत एक लाख शहाऐंशी हजार म्हणजे वर्षाला साधारण एकवीस हजार, हायवेवर फिरणाऱ्या माणसाचा हिशेब. हायब्रिडची मोठी बॅटरी रोज भरत-उतरत राहिली तर बरी राहते. तीच गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये महिना महिना उभी असेल तर आतले डबे, म्हणजे ती ज्या छोट्या बॅटरींची बनते त्या, एकमेकांपासून वेगळे पडायला लागतात, एक भरलेला तर दुसरा रिकामा. चाळीस हजार किलोमीटरची ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणून विकली जाणारी हायब्रिड मला जास्त धाकधुकीची वाटते.

जानेवारीतली तपासणी

ही गाडी भारतात ऑगस्ट २०१३पासून विकली जाऊ लागली, बेंगळुरूजवळ बिडदीला जुळवली जायची. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर. डायनामो नाही, सेल्फ नाही, पट्टाही नाही. म्हणजे ज्या कामावर माझं दुकान उभं राहिलं त्यातलं काहीच नाही. इंजिन सुरू करायचं काम एक मोटर करते, चाकं फिरवायचं काम मुख्यतः दुसरी करते, ब्रेक दाबला की तीच उलटी वीज बनवते. ती वीज मागच्या सीटच्या पाठीमागं असलेल्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत जाते. ३४ डबे, प्रत्येक ७.२ व्होल्टचा, एकापुढं एक जोडलेले: २४४.८ व्होल्ट. गाडीचा कॉम्प्युटर दोन-दोन डब्यांची जोडी धरून १७ ब्लॉक मोजतो. हे १७ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शिवाय डिकीत साधी बारा व्होल्टची बॅटरी आहेच. ती इंजिन फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढते. ती बसली तर दोनशे चव्वेचाळीस व्होल्ट मागं असून गाडी दगड.

आवारात मी जे बघायचं ते बघितलं. गाडी ‘रेडी’ केल्यावर इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला लागते तशी करून देणाऱ्या यंत्राच्या) कूलंटच्या टाकीत पाणी फिरतंय का. त्याचा पंप वेगळा आणि विजेवर चालतो, तो मेला की इन्व्हर्टर तापतो. फिरत होतं. ब्रेकचा पेडल सलग दाबून प्रेशरचा पंप किती वेळानं घरघरतो ते ऐकलं. वारंवार घरघरला असता तर ब्रेकचा मोठा खर्च अंगावर होता. तेही ठीक. ब्रेक पॅड अजून जाड. हायब्रिडमध्ये मोटर अर्धं ब्रेकिंग करते, त्यामुळं पॅड फार टिकतात. एवढ्या किलोमीटरला जाड पॅड दिसले म्हणून मीटर मागं फिरवलाय असं समजू नये. मीटरचा मेळ सर्व्हिसच्या नोंदींशी लावला. शेवटची सर्व्हिस ऑक्टोबर २०२३, १,८२,६०० किलोमीटर. मीटर खरा होता.

मग स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड एकही नाही. सतरा ब्लॉक उभ्या गाडीत १५.७ ते १५.८ व्होल्ट. माझ्या तोंडून ‘झकास’ गेलं असणार, कारण पोरानं लगेच वडिलांना फोन लावला. त्याच पानावर खाली एक ओळ होती: कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर, ३८ किलोमीटर.

ही ओळ बहुतेक गाड्यांत मिळते आणि बहुतेक लोक ती बघत नाहीत. बिघाडाची नोंद पुसली की ही मोजणी शून्यापासून सुरू होते. पीयूसीवाला नळकांड्यातला धूर मोजतो, हे बघत नाही. मी विकणाऱ्याला विचारलं. त्यानं डिकी उघडून दाखवली: “साहेब, बारा व्होल्टची नवी टाकलीय, म्हणून सगळं रीसेट झालंय.” बॅटरी खरंच नवी दिसत होती. बारा व्होल्टची तार काढली की बऱ्याच गाड्यांत ही मोजणी पुन्हा सुरू होते, हेही खरं. उत्तर बरोबर होतं. फक्त ते या गाडीचं उत्तर नव्हतं.

मग वीस मिनिटं गाडी चालवली. सकाळचे साडेनऊ, अंगात स्वेटर, सपाट रस्ता. हडपसरहून दिवे घाट हाकेच्या अंतरावर आहे. तिथं नेऊन दोनदा वर, दोनदा खाली करायला हवी होती. चढताना बॅटरीचा दम दिसतो, उतरताना तिची भरण. नाही नेली. सोलापुरात गड्डा यात्रेची गर्दी होती, घरी पाहुणे होते, चारच्या आत सोलापूर गाठायचं होतं.

कांड्या लवकर भरतात

गाडी आली, नारळ फुटला, विमा नावावर करून घेतला. त्याला कायद्यानं चौदा दिवस असतात आणि लोक तिथंच गफलत करतात. दुसऱ्या आठवड्यात सीटकव्हर बसले. फेब्रुवारीत मालक दुकानावरून जाताना थांबले, चेहरा खुललेला.

“काय गाडी आहे ओ! बॅटरी दोन मिनिटांत फुल होती. उताराला सोडली की कांड्या भराभर भरतात.”

मी चहा मागवला. खरं तर त्या वाक्यावर हातातलं काम टाकून स्कॅनर उचलायला हवा होता. बॅटरी लवकर भरते म्हणजे तिच्यात कमी मावतंय. घागरीऐवजी तांब्या असला की तो लवकर भरणारच, आणि लवकर रिताही होणार. पडद्यावरच्या कांड्या तीनवरून सातवर आणि सातवरून तीनवर झोके घ्यायला लागल्या की बॅटरीची मूळ ताकद आटली, असं बेलाशक समजावं. मार्चमध्ये दुसरी खूण आली: हैदराबादच्या फेरीला लिटरमागं सतरा देणारी गाडी पंधरावर, मग चौदावर आली. मालकांनी दोष उन्हाला आणि एसीला दिला. मीही मान हलवली.

१८ एप्रिल, गुरुवार. मतदान तीन आठवड्यांवर, रस्त्यावर प्रचाराच्या गाड्या, पारा बेचाळीसच्या पुढं. दुपारी तीनला फोन. उमरगा सोडून नळदुर्गच्या अलीकडं मीटरवर लाल त्रिकोण आणि हायब्रिड सिस्टिम तपासा असा मजकूर. गाडी चालत होती, पण ओव्हरटेकला दम देत नव्हती.

“थांबवून पुन्हा चालू केली. दिवा तसाच.”

“मालक, एसी बंद करू नका. साठनं या. आणि टोलला गाडी न्यूट्रलला टाकून ठेवू नका, ‘डी’लाच ठेवून ब्रेक धरा.”

शेवटची सूचना ड्रायव्हरसाठी होती. तो जुना ट्रकवाला; गाडी थांबली की हात आपोआप न्यूट्रलकडं. या गाडीत न्यूट्रलला जनरेटर सुटा होतो, बॅटरी भरत नाही, एसी मात्र तिच्यावरच चालू राहतो. चांगल्या बॅटरीला त्याचं काही नाही. मरायला टेकलेलीला ते पुरतं.

सहाला गाडी दुकानात. कोड एकच, पी०ए८०. या कोडचं अधिकृत नावच ‘हायब्रिड बॅटरी पॅक बदला’ असं आहे. जगात दुसरे कोड बिघाड सांगतात, हा थेट हुकूम देतो. त्यामुळं होतं काय, की वाचणाराही पुढं विचार करत नाही. प्रत्यक्षात कॉम्प्युटरनं एवढंच पाहिलेलं असतं की सतरातला एखादा ब्लॉक इतरांपासून फार वेगळा पडलाय. का पडला, ते त्याला माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये बारा व्होल्टच्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड सापडलं. पुण्याचा शिक्का, ९ ऑगस्ट २०२३. म्हणजे बॅटरी ऑगस्टमध्ये बसली, ऑक्टोबरमध्ये सर्व्हिस झाली, त्यानंतर गाडी जवळपास साडेतीन हजार किलोमीटर चालली, आणि मोजणी म्हणते ३८. ते बारा व्होल्टमुळं नव्हतं. जानेवारीत गाडी दाखवण्याच्या एक-दोन दिवस आधी कोणीतरी नोंद पुसली होती. का पुसली, हे मी सिद्ध करू शकत नाही. एखाद्या साध्या सेन्सरचा कोडही असू शकतो. पण ते कार्ड जानेवारीत त्याच फोल्डरमध्ये होतं, आणि फोल्डर माझ्या हातात होतं. मालकांनी विकणाऱ्याला फोन केला. त्याचं म्हणणं, गाडी बघून, माणूस आणून, जशी आहे तशी घेतली. माणूस म्हणजे मी. विषय तिथंच संपला.

जाळीमागचा नमदा

या बॅटरीला पाण्याचं थंडावण नाही. मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिच्यातून पंखा केबिनमधली हवा ओढतो आणि डब्यांच्या फटींतून फिरवतो. माणसाला थंड लागतं तेवढंच बॅटरीला थंड लागतं. म्हणून एसी बंद करू नका म्हणालो होतो. ड्रायव्हर एकटा असला की काच खाली करून चालवायचा, पेट्रोल वाचतं म्हणून. त्या वेळी बॅटरी बेचाळीस डिग्रीची हवा पीत होती, तीही धुळीसकट.

स्कॅनरवर बॅटरीच्या मधल्या भागाचं तापमान ४९ दाखवत होतं, पंखा सर्वांत वरच्या गतीला. पंख्याचा आवाज येत होता. मी टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावला. चांगल्या गाडीत तो चिकटून राहतो. हा खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग लक्षात आलं की नव्या सीटकव्हरची पट्टी अर्ध्या जाळीवरून ताणून बसवलीय. पट्टी कापली. तरी कागद पडलाच.

मागची सीट काढली, हवेची नळी सोडवली, पंखा बाहेर घेतला. त्याची पाती दिसतच नव्हती. पात्यांच्या मधल्या खाचा बुजून एक सलग गोल वळकटी झाली होती. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं ती उचलली तर घोंगडीसारखा तुकडा निघाला, आणि त्याला दोन थर होते. खालचा करडा, कडक, त्यात बारीक तांबूस केस. कुत्र्याचे, आधीच्या मालकाकडचे असणार. वरचा थर पांढरा, मऊ, ताजा. तो हातात घेऊन मी मालकांना विचारलं, मागच्या सीटवर काय ठेवता?

“नमुन्याच्या पिशव्या. सुताचे कोन.”

तीन महिने दर आठवड्याला सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली शंकूसारखी रिळं, मागच्या सीटवर, जाळीला लागून. टॉवेलच्या सुताचा तूस. या गावात लूमच्या खिडक्यांवर, विजेच्या तारांवर, कामगारांच्या भुवयांवर जो बसलेला असतो, तोच. मालकांनी तो तुकडा चिमटीत धरला आणि सुताचा काउंट, म्हणजे जाडी-बारकाईचा नंबर, सांगितला. सवयीनं. मग दोघंही हसलो.

पंखा धुतला, नळी साफ केली, कोड पुसला. आता माझ्या हातूनही मोजणी शून्यावर! स्कॅनर लावून भर दुपारी मोहोळपर्यंत जाऊन आलो. तापमान ४१च्या वर गेलं नाही. दिवा नाही. बाराशे रुपये घेतले आणि लाखोंचा खर्च वाचवला म्हणून दोन दिवस मिरवलो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दिवा परत आला.

चौतीस डबे, एक बल्ब

या वेळी मी ज्यापासून सुरुवात करायला हवी होती तिथून केली: भाराखाली वाचन. उभ्या गाडीत सगळे ब्लॉक शहाण्यासारखे वागतात. पोरगा गाडी चालवतोय, मी शेजारी स्क्रीन धरून. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर सोळा ब्लॉक १३.६ ते १३.९पर्यंत उतरले, नऊ नंबरचा १२.१वर गेला. ब्रेकवर वीज परत येताना सोळा ब्लॉक सतराच्या आसपास, नऊ नंबरचा १७.६. उतरताना सगळ्यांच्या खाली, चढताना सगळ्यांच्या वर. कमी मावणाऱ्या डब्याची ही सरळ खूण. तार सैल असती किंवा पट्टीला गंज असता तर बहुधा आकडा उड्या मारत राहिला असता. हा प्रत्येक वेळी त्याच वळणानं जात होता. एप्रिलमध्ये उष्णता कमी केली तेव्हा हा अशक्त ब्लॉक फक्त सावरला होता, बरा झाला नव्हता.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचं उत्तर अपेक्षित होतं: अख्खा पॅक. किंमत गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर. त्यांचं चुकीचं नाही. त्यांना वॉरंटी द्यायची असते आणि अर्धा जुना अर्धा नवा पॅक कोणीच लिहून देत नाही. मालक म्हणाले, आधी उघडून बघा.

उघडण्याबद्दल एवढं लिहितो, आणि ते उत्साही वाचकांना आवरण्यासाठी. नारिंगी तारा म्हणजे मोठं व्होल्टेज. सर्व्हिस प्लग ओढून खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी तो चुकून लावणार नाही. मग दहा मिनिटं काही न करता बसायचं, इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर उतरेपर्यंत. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे, अंगठी-घड्याळ काढलेलं, मीटरनं शून्य बघितल्याशिवाय हात नाही. आणि प्लग काढला तरी डब्यांमध्ये वीज असतेच; प्लग फक्त माळ मध्ये तोडतो. शेजारचा फिटर ‘बघू की’ म्हणत पाना घेऊन आत वाकला तेव्हा मी त्याला ज्या शब्दांत बाहेर काढलं ते इथं लिहिता येत नाहीत.

पॅक बाहेर घेतला, दोघांनी उचलून. डब्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या कडेला हिरवट झाल्या होत्या, त्या घासून काढल्या. मार्करनं डब्यांवर १ ते ३४ नंबर घातले. मग हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब प्रत्येक डब्याला दोन मिनिटं लावायचा आणि शेवटचं व्होल्टेज वहीत लिहायचं. काम कंटाळवाणं, दोन तासांच्या वर जातं, आणि यापेक्षा स्वस्त आणि खरी तपासणी मला माहीत नाही. तीस डबे ७.५५ ते ७.६५च्या मध्ये बसले. सोळा नंबर ७.४४, एकोणीस नंबर ७.४६. अठरा ७.२१. आणि सतरा नंबर: ६.३१.

डब्यात सहा सेल असतात, प्रत्येक सव्वा-एक व्होल्टचा. ७.६तून एक सेल वजा करा, जवळपास हाच आकडा येतो. सतरामधला एक सेल मेला होता. सतरा आणि अठरा मिळून नववा ब्लॉक. स्क्रीन आणि बल्ब एकच बोट दाखवत होते. आणि हे सगळे आजारी डबे पॅकच्या पोटात, मधोमध, जिथं वारा सर्वांत कमी पोचतो आणि दोन्हीकडून शेजाऱ्यांची धग लागते.

बदली डबे मिळवणं हे वेगळंच पुराण. मोठ्या हायब्रिड आपल्याकडं मुळात कमी विकल्या गेल्या. जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा त्यांच्यावर २८ टक्के आणि वर १५ टक्के उपकर बसला, मग तर विक्री आणखी आटली. रस्त्यावर गाड्या कमी, तर भंगारातही कमी. शेवटी पुण्यात एका अपघाती गाडीच्या पॅकमधले सहा डबे मिळाले. सहाही बल्बवर घेतले, त्यातले दोन या पॅकशी जुळले. चौतीसही डबे रात्रभर समांतर जोडून एका पातळीला आणले. हे डबे पॅकच्या दाबात आवळलेले असतानाच भरायचे असतात, मोकळे भरले तर फुगतात. सकाळी नट आवळले, ठरावीक जोर लावणाऱ्या पान्यानं, म्हणजे टॉर्क रेंचनं, हलक्या हातानं. हे नट जोरानं आवळले की डब्याचा बोल्टच फिरतो आणि डबा वाया जातो.

सगळं मिळून बावीस हजार. पूर्ण ॲक्सिलरेटरवर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा ब्लॉक यांतला फरक १.८वरून ०.४वर आला.

तुकडा की अख्खा पॅक

इथंच थांबलो असतो तर ही यशाची गोष्ट झाली असती. पण मी सोळा आणि एकोणीस नंबर वहीत गोल करून ठेवले होते. मालकांना स्पष्ट सांगितलं: दोन बदललेत, बाकी बत्तीस त्याच वयाचे आहेत, त्याच उन्हातले. दर महिन्याला फरक मोजायचा. तारीख लक्षात राहत नाही म्हणून अमावास्या ठरवली. त्या दिवशी ड्रायव्हर गाडीला लिंबू-मिरची बदलतोच, येता येता दुकानात पाच मिनिटं.

वहीत पान आहे. जून ०.४. जुलै ०.४. ऑगस्ट ०.५. पावसाळा गोड गेला, गाडी पुन्हा सतराला आली. ऑक्टोबर ०.७. नोव्हेंबर १.०, आणि खाली जाणारा ब्लॉक दहावा. दहावा म्हणजे एकोणीस आणि वीस. गोल केलेला एकोणीस. अजून दिवा लागला नव्हता, थंडी होती. पण आकड्याचा कल दिसत होता आणि पुढचा उन्हाळा चार महिन्यांवर.

पोराचं म्हणणं, पुन्हा दोन डबे बदलू, बावीस हजार तर बावीस हजार. गाडी विकून टाकू, हाही प्रस्ताव आला. दिवा नसताना विकली तर कोणाला कळणार आहे, असं कोणीतरी म्हणालं. मालक एवढंच म्हणाले, “आपल्याला दिली तशी?” नंतर तो विषय कोणी काढला नाही.

माझं मत मी दिलं ते असं. एकेक डबा बदलणं ही फसवणूक नाही. रोज वीस किलोमीटर गावात फिरणाऱ्याला, दिवा लागला तर रिक्षानं घरी जाऊ शकणाऱ्याला, तो रास्त मार्ग आहे. दोन-तीन वर्षं निघतात. पण हा माणूस रात्री दहाला उमरग्याच्या पुढं हायवेवर असतो. दर वेळी पॅक उघडायची मजुरी, दर वेळी जुळणारे डबे शोधणं, दर वेळी गाडी चार-पाच दिवस उभी. आणि प्रत्येक वेळी बदलतो तो आज मेलेला डबा. उद्या मरणारा आतच राहतो. इंजिन, गिअर, इन्व्हर्टर, ब्रेक यांत खोट नव्हती. ट्रान्सॲक्सलचं, म्हणजे मोटर आणि गिअर ज्यात असतात त्या पेटीचं, तेल काढलं तेव्हा स्वच्छ निघालं. गाडी धडधाकट आहे आणि तिचा एकच अवयव थकलाय, तर तोच पूर्ण बदलावा.

मालकांनी व्यापाऱ्याचा हिशेब केला. खरेदी अधिक नवा पॅक भागिले अजून एक लाख किलोमीटर. मग डिझेल गाडीचा तोच भागाकार. कागद मला दाखवला नाही, पण डिसेंबरमध्ये सर्व्हिस सेंटरला पॅक मागवायला सांगितलं. जुना पॅक त्यांनी ठेवून घेतला. मी बदललेले दोन डबेही त्यातच गेले.

माझ्या बाजूचा हिशेब असा. जानेवारीत त्या ३८वर अडून बसलो असतो, वॉरंटी कार्ड उघडून पाहिलं असतं, दिवे घाट चढवला असता, तर गाडी बहुधा तरीही घेतलीच असती, पण दीड-दोन लाख खाली. तपासणीचे दीड हजार मी परत द्यायला गेलो. मालकांनी घेतले नाहीत; म्हणाले, “पुढच्याची गाडी बघाल तेव्हा वसूल करा.” आता जुनी हायब्रिड बघायला गेलो की कोड नंतर बघतो, आधी ती ओळ. शंभराच्या आत असेल तर गाडी आठ दिवस थांबवायला सांगतो. विकणारा ‘मग राहू द्या’ म्हणाला तर राहू देतो. टिश्यू पेपर खिशात असतोच.

मालकांची गाडी आता २,३०,००० ओलांडून गेलीय. कोन डिकीत जातात, तेही झाकण लावलेल्या खोक्यात. ड्रायव्हर काचा बंद ठेवतो, न्यूट्रलची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. परवाच्या अमावास्येला फरक ०.२ होता, पंख्याच्या जाळीवर थोडा पांढरा तूस बसला होता. ब्रशनं काढला, कागद लावून बघितला. चिकटला.